ओ देणारा डोंगर

“ताई!” मी धुक्यात हाक मारली.

“ओ...” डावीकडून उत्तर आलं. अगदी ताईचंच, शेवटी जरा लांबवलेलं, लाडिक.

मी डावीकडे वळले, तेवढ्यात कुणीतरी माझ्या सॅकचा पट्टा धरून मला मागे खेचलं. मी बदकन खाली बसले. धुकं क्षणभर विरलं... माझ्या बुटांपुढे वीतभर गवत होतं, आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

“तुझी ताई उजवीकडे आहे, मुक्कामाच्या खोलीत. चहा पितेय.” बोलणारा उंच, काटकुळा होता, पापण्यांवर दंव साचलेलं. “इथे हाक मारली की डोंगर ओ देतो. कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं,” मी कपडे झटकत म्हणाले. “मला वाटलं, नवख्यांना पळवून लावायला उठवलेली आवई.”

“मग? घाबरलीस?”

“तुला बघून जरा दचकले.”

तो हसला. मी सॅक सावरून त्याच्यामागून उजवीकडे निघाले.

मुक्कामाची खोली लांबट, पत्र्याची. लोखंडी खाटा, दोरीवर ओले मोजे, मधोमध फुरफुरणारा स्टोव्ह. माणसं खच्चून भरलेली, पण कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मीठ हवं असलं तरी उठून जायचं आणि खांद्याला हात लावायचा. वर चढताना हाक मारावीच लागते, पण तिला ओ द्यायची नाही. दुसरं काहीही बोलावं. ओ तेवढी डोंगराची. साथीदाराची ओ ऐकून, ‘पोचला वाटतं’ म्हणत कितीजणांनी कड्यात ठोकलेल्या खिळ्यातून स्वतःला सोडवलं होतं, आणि साथीदार तर... एवढं सांगून स्वयंपाकाच्या मावशी थांबायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या.

मला मात्र वर जायचंच होतं. मी कारखान्याच्या शिवणखात्यात चढणाऱ्यांचे कमरपट्टे शिवायचे. पट्टे मी शिवायचे, डोंगर दुसऱ्यांनी चढायचे! या माथ्याला अजून कुणाचा पाय लागला नव्हता, आणि पहिल्या पोचणाऱ्या जोडीला गिर्यारोहण शाळेत शिकवायची नोकरी मिळणार होती. त्या मशिनीच्या खडखडाटातून सुटायची माझ्यापुढे दुसरी वाट नव्हती.

आणि चढाईच्याच सकाळी माझी जोडीदार, म्हणजे ताई, माझी मावसबहीण, तापाने फणफणली. त्या काटकुळ्याचा जोडीदार तर सामान बांधून निघूनच गेला. खिडकीबाहेरून त्याच्या वारलेल्या वडिलांनी ओ दिली म्हणे. जोडीशिवाय वर सोडत नसत.

“ए लंब्या,” मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “हरायचं नसेल तर चल माझ्याबरोबर.”

“आमंत्रणाची ही कुठली तऱ्हा?”

“मग काय, पत्रिका छापून आणू?”

“छापशील?” तो पटकन म्हणून गेला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

दोर बांधताना मी विचारलं, “ओऐवजी काय म्हणायचं?”

“शिवी द्यायची,” लंब्या म्हणाला. “डोंगराला शिव्या येत नसणार. फक्त, एकदा दिलेली पुन्हा द्यायची नाही. ऐकून ऐकून शिकला तर?”

तो थट्टेतच बोलला. पण दोघांनीही नकळत वर पाहिलं.

चढाई जमली, फार छान जमली. मी पुढे, तो मागे. मी हाक मारायची, “लंब्या!” खालून यायचं, “चढतोय, खारुताई!”

“ताई कुणाची? तुझी?”

“नको गं बाई! नुसती खार!”

मी कड्याला गाल टेकवून एकटीच हसायचे. दगड थंडगार होता, आणि आतून हलकेच धडधडल्यासारखा वाटायचा. माझंच काळीज असेल... असेल ना?

दुपारी धुकं उतरलं. माथा आता दोन पुरुष उंचीवर होता, आणि वरचा टप्पा सोपा. डावीकडून, आमच्याबरोबरच निघालेल्या दुसऱ्या जोडीच्या हातोडीची ठकठक येत होती. मी खिळ्याला स्वतःला अडकवून लंब्याचा दोर ओढून घेत होते. तोच खाली काहीतरी घसरलं. दोराला हिसका बसला, आणि तो ताठ झाला.

“लंब्या!”

“ओ.”

त्याचाच आवाज. शांत, प्रसन्न. काळजी करू नकोस, वर जा, मी आलोच... असा.

खरं सांगते, मला तो खरा हवा होता. तो ठीक असेल तर खिळ्यातून सुटायचं आणि चालत माथा गाठायचा. माझा हात खिळ्यात अडकवलेल्या कडीवर गेलाही. ठकठक आणखी वर सरकली होती.

पण इतकं चढलेल्या माणसाला धाप कशी लागली नाही? आणि माझ्या दुसऱ्या हातातला दोर... तो पाण्याने भरलेल्या बादलीसारखा जड होता. ओझ्यासारखा. माणसासारखा नाही.

मी दोर खिळ्याला पक्का केला. माथ्याकडे पाठ केली आणि खाली उतरू लागले.

लंब्या एका भेगेपाशी लोंबकळत होता. हेल्मेटला तडा, मनगट सुजलेलं, डोळे मिटलेले. मी त्याच्या गालावर थापट्या मारल्या. एक जरा जोरातच बसली.

“आई गं... कजाग बाई,” तो पुटपुटला.

मला रडूच फुटणार होतं. “तू ओ दिलीस?”

“शुद्ध असती तर शिवी दिली असती.”

मग मी त्याला टप्प्याटप्प्याने खाली सोडू लागले. मी वर, तो खाली धुक्यात. झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून सारखी हाक.

“लंब्या!”

“चेटकीण!”

“ओ...” उजवीकडून डोंगर म्हणाला.

“लंब्या!”

“खाष्ट सासू!”

“ओ...” आता जरा जवळून.

“लंब्या! बोल ना!”

“शिव्या संपल्या गं...”

“मग काहीही बोल, पण नवीन!”

मग हळूच आलं, “केस बांधताना तू पिन दातात धरतेस...”

“बरं, मग?”

“मग काही नाही. बघत बसावंसं वाटतं.”

दोर माझ्या मुठीतून सरकत होता, तळवे पोळत होते. मी पुन्हा हाक मारली.

“तुझी थापट लागली,” खालून आवाज आला. “पण अजून एक चालेल.”

“लंब्या...”

“मला तू आवडतेस. आता याच्यापुढे माझ्याकडे नवीन काही नाही.”

मी तोंड उघडलं, आणि खालूनच त्याची हाक आली, “खारे! ऐकलंस ना?”

“ओ,” मी म्हणाले.

मी म्हणाले नव्हते. माझे ओठ हललेसुद्धा नव्हते. माझा आवाज माझ्या कानाशेजारच्या दगडातून आला होता. ओलसर, आनंदी.

दोर थरथरला. “ती... तू होतीस?” लंब्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“मी कशी असेन, मूर्खा!” मी जिवाच्या आकांताने ओरडले. “मी असते तर म्हणाले असते, मलाही तू आवडतोस! पहिल्या दिवसापासून! ऐकू येतंय? मलाही!”

त्यावर डोंगर गप्प बसला. खरंच गप्प.

पायथ्याच्या गवतावर त्याच्या मनगटाला पट्टी बांधत होते, तेव्हा माथ्यावरून शिट्टी ऐकू आली. लांबलचक, मग आणखी एक. दुसरी जोडी पोचली होती. खोलीतली माणसं टाळ्या वाजवत बाहेर आली.

मी पट्टीला गाठ मारली, नीट मारली, आणि मग मला आवरेना. शाळा गेली. सोमवारी पुन्हा तेच शिवणखातं, तीच मशीन. ज्याच्यासाठी सोडलं तो समोर जिवंत बसला होता, तरी मी हुंदके देऊन देऊन रडले.

लंब्याने ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं नाही. चांगला हात माझ्या पाठीवर ठेवून तो नुसता बसून राहिला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “झालं रडून?”

“नाही.” मी त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं.

“बरं,” तो म्हणाला. “मग थांबतो.”