पाचवं रूप

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या चॉकलेटच्या दुकानातला फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला आला. केस ओले, छत्री मोडकी. मी संगमरवरी ओट्यावर वितळलेलं चॉकलेट पसरत होते. त्यानं पाहिलं, मी पाहिलं... आणि चॉकलेट थिजून गेलं.

"बिघडलं?"

"तुमच्यामुळे."

"मग बिघडलेलं मीच खातो."

बाबा हसले. "बिघडत नाही काही. पुन्हा वितळवायचं. इंग्रजीत याला पॉलिमॉर्फिक म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. पॉली म्हणजे पुष्कळ, मॉर्फी म्हणजे रूप. कोकोचं लोणी एकच, पण गोठताना सहा रूपं घेतं. पाचवं साधलं तरच चमक येते, तुकडा टक् करून मोडतो. घाई केली की नुसतं भुरकट."

"साधलं हे कळतं कसं?" प्रश्न बाबांना होता, नजर माझ्याकडे.

"ओठाला लावून बघायचं," बाबा मान वर न करता म्हणाले.

माझे कान तापले.

दुकान बंद करताना बाबा म्हणाले, "मुलगा बरा आहे."

"कोण?" मी म्हटलं.

सकाळी ते उठलेच नाहीत.

फ्रिज ठणठणीत होता, तरी तो येत राहिला. ओटा पुसायचा, माझ्या हातची भुरकट चॉकलेटं निमूट खायचा. एकदा म्हणाला, "आज तर खडू झालाय." बाबांनंतर मी पहिल्यांदा हसले, आणि नेमकी आत्या दारात.

"बापाला जाऊन महिना नाही झाला, आणि हसू सुचतंय? दुःख दुःखासारखं दिसायला हवं. दुकान विक, माझ्याकडे चल. आणि हा कोण?"

तो छत्री उचलायला वाकला.

"थांब," मी म्हटलं. पहिल्यांदाच अरे-तुरे.

सकाळी ओतलेला साचा ओट्यावर उपडा केला. वडी चमकत होती. मी ती मोडली. टक्.

"दुःखाला एकच रूप असतं असं कोण म्हणालं, आत्या? रात्री रडते मी. आत्ता हसले. दोन्ही बाबांसाठीच. दुकान विकणार नाही."

"आणि हा कोण, ते विचारतेय मी."

अर्धा तुकडा मी त्याच्या हातावर ठेवला, आणि खुंटीवरच्या बाबांच्या ॲप्रनकडे वळले.

"बाबा, 'कोण' म्हणाले ना मी तेव्हा... मला माहीत होतं कोण. हा. आवडतो मला."