न म्हटलेल्या चार ओळी

कराडला सर्व्हिस मोटार थांबली आणि दारातून आधी एक डफ आत आला. त्याच्यामागून डफाचा धनी — उंच, सावळा, डोळे जागरणानं लाल, पटका सुटून खांद्यावर आलेला. माझ्या पुढच्या बाकावर तो बसला आणि बसल्या बसल्या पुटपुटू लागला.

"मूळ न्हाई, पान न्हाई, सांज हुता लांब जाई... दुपारच्याला पायाखाली, रात हुता कुटंच न्हाई..."

बाहेर श्रावणाची भुरभुर होती. मधेच ऊन डोकवायचं, उसाच्या पात्यांवरून सरकत जायचं, आणि पुन्हा भुरभुर. असं सगळं बघायचं सोडून हा माणूस त्याच चार ओळी घोळवत होता... पुन्हा, पुन्हा, पुन्हा. उंब्रज जवळ आलं तेव्हा माझा धीर संपला.

"सावली," मी म्हणाले.

तो वळला. "काय म्हनलासा?"

"उत्तर. सावली. दुपारी पायाखाली येते, संध्याकाळी लांबते, रात्री नाहीशी होते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच त्यानं कपाळ डफावर टेकवलं.

"काल शिराळ्याला, नागपंचमीच्या फडात, तुरेवाल्यांनी ह्यो सवाल घातला आमास्नी," तो डफाशीच बोलल्यासारखा म्हणाला. "कलगीवाले आमी. रातभर वेदांतात फिरलो. म्या म्हनलो माया. मग म्हनलो प्रान. मागं झील धरनारा आमचा झीलकरी तर वासनेपातुर गेला. हरलो... लय वाईट हरलो." त्यानं मान वर केली. "तुमी कुटं हुता काल?"

"सांगलीला. झोपले होते."

"हे काय बरं न्हाई केलं तुमी."

मी हसू दाबायला खिडकीबाहेर पाहिलं. मोटारीच्या काचेत तोही हसताना दिसला.

त्याचं नाव जोतीराम. ब्रह्मदेशातली लढाई बघून गेल्याच वर्षी घरी आलेला. दिवसा ऊस, रात्री शाहिरी. आणि मी ज्या गावच्या शाळेवर रुजू व्हायला निघाले होते, ते गाव त्याचंच निघालं. उंब्रजला उतरल्यावर माझी ट्रंक त्यानं न विचारता डोक्यावर घेतली.

"शाळा बांधाबांधानं गेलं की जवळ," तो म्हणाला, "आन् सडकेनं गेलं की लांब."

आम्ही सडकेनं गेलो.

शाळा तशी जुनी, पण सातवीचा वर्ग त्याच वर्षी सुरू झालेला, तोही तात्पुरता. मार्गशीर्षात डिप्टीसाहेबांची तपासणी व्हायची. मुलांना नीट वाचता आलं तर वर्ग कायम. नाही तर वर्ग बंद, आणि वर्गाबरोबर माझी नोकरीही. आबांनी, माझ्या वडिलांनी, मला सांगलीहून निघतानाच सांगितलं होतं, "विजयमाला, वर्ग टिकला तर पुढचं तुझं तू ठरव. नाही टिकला, तर मुकाट्यानं परत यायचं. कोल्हापूरच्या स्थळाला मी होकार देणार." ते स्थळ वकिलाचं होतं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं — मुलगी शिकलेली आहे, पण बोलायला कमी आहे ना?

पहिल्या दिवशी हेडमास्तर विष्णुपंत अभिमानानं म्हणाले, "मुलं घडाघडा वाचतात हो. ऐका तुम्ही." आणि त्यांनी रंगूला उभं केलं. रंगू म्हणजे घट्ट वेण्या आणि टपोरे डोळे. तिनं पुस्तक उघडलं आणि धडा असा वाचला, की कुठं थांबणं नाही, कुठं चुकणं नाही. वाक्याच्या शेवटी गोड हेल. मी कौतुकानं तिच्या मागे जाऊन उभी राहिले. पुस्तक दुसऱ्याच धड्यावर उघडलेलं होतं.

"बोट ठेवून वाच बरं, रंगू."

बोट एकीकडे चाललं, तोंड दुसरीकडे. वर्गातल्या सगळ्यांचं तसंच. जात्यापाशी आईच्या मांडीवर ओव्या ऐकलेल्या पोरी, फडात बापाच्या खांद्यावर जागलेली पोरं... कानावर एकदा पडलं की ते त्यांचं झालं. अक्षरांकडे बघायची त्यांना गरजच पडली नव्हती.

मी नवे धडे काढले. ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं तसं, आधी स्वतः वाचून दाखवायचे — स्पष्ट, सावकाश, भावपूर्ण. माझं वाचून होतंय तोवर वर्गाला पाठ. चार-सहा दिवस मी खूश होते. मग एका दुपारी उमगलं, की बाई, तूच यांना घास भरवते आहेस. छापलेलं प्रत्येक पान कुणी ना कुणी आधी त्यांच्या कानावर घातलेलं होतं. मला हवे होते असे शब्द, जे अजून कुणाच्या तोंडून निघालेच नाहीत.

संध्याकाळी जोतीराम मोट सोडून बैलांना पाणी दाखवत होता. मी बांधावर उभी राहिले.

"शाहीर, मला ओळी हव्यात. रोज चार, रोज नव्या."

"एवढंच व्हय? ऐका मग—"

"ऐकायच्या नाहीत. तीच तर अट. मोटेवर म्हणायच्या नाहीत, रानात नाहीत, तोंडातल्या तोंडातसुद्धा नाहीत. शाळेच्या मागच्या भिंतीवर लिहायच्या आणि निघून जायचं."

त्यानं बैलाच्या पाठीवरचा हात काढला. "बाई, शाहिरानं ओळ करायची आन् म्हनायची न्हाई? म्हंजे शिंक आल्यावर नाक धरायचं."

"धरा."

"कुटवर?"

"तपासणीपर्यंत."

"गाव म्हनंल, जोतीरामाचा गळा बसला."

"बसू दे. मुलांचे डोळे तरी उघडतील."

त्यानं बैलाचा कासरा हाताला गुंडाळला. मग म्हणाला, "मोटारीत तुमाला वाईच जास्तच हसू आलं हुतं. त्याचा ह्यो दंड का काय?"

"तुम्ही कधी पाहिलंत मला हसताना?"

"काचंत," तो म्हणाला, आणि बैलांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या चार ओळी होत्या. अक्षर असं वाकडं, जणू बैल उधळलेले. वर्ग भिंतीपुढं बसला आणि वर्गात पहिल्यांदाच शांतता पसरली. चाल माहीत नव्हती. शेवट माहीत नव्हता. रंगू पहिल्या शब्दाशीच अडली, लाल झाली, आणि रडायच्या बेतात म्हणाली, "बाई, मला येत हुतं की वाचाय... आजच काय झालं?"

"आज तू खरंच वाचते आहेस," मी म्हणाले. तिला ते मुळीच पटलं नाही.

विष्णुपंतांनाही पटलं नाही. "घडाघडा वाचणारी पोरं तुम्ही बोबडी करून ठेवलीत," ते म्हणाले. पण मी भिंत सोडली नाही. रोजच्या चार ओळींत एक शब्द अनोळखी असायचा. तो मी आदल्या सांजेला बांधावर जाऊन जोतीरामाला द्यायची. वर्गाच्या मी दोन बाजू केल्या — कलगी आणि तुरा. एकीनं शब्दाचा अर्थ विचारायचा, दुसरीनं सांगायचा. पण पुस्तकी नाही, आपल्या डोळ्यांनी पाहिलेला.

"'आर्जव' म्हणजे काय रं कलगी?"

"म्हस दूध चोरती, तवा आय तिच्या पाठीवर हात फिरवून बोलती न्हवं? ते आर्जव."

असे शब्द घरोघर जाऊ लागले. रंगूची आजी बनुबाई सुनेशी भांडताना 'निष्ठुर' म्हणाली, तेव्हा गावात त्याचा बराच बोलबाला झाला.

जोतीरामानं वचन पाळलं. मोटेवर तो जुनीच गाणी म्हणायचा, आणि मधेच ओठ घट्ट मिटायचा... मला लांबूनही कळायचं, आता नवी ओळ आली. हल्ली मात्र भिंतीवर लिहायला त्याला उशीर होऊ लागला होता. मी शाळेत पोचायची तरी त्याची चौथी ओळ चाललेलीच असायची.

"अजून झालं नाही?"

"शेवटचा शब्द घावना."

"मी देऊ?"

"नगं. तुमी लगेच देता. मग म्या हितं काय निमित्तानं थांबू?"

आणि एका सकाळी भिंतीवर हे होतं —

उसाचं पान मोठं धारेचं,
वाऱ्याशी भांडण रोज करी;
संकोच त्याला एकच वाटे —
पाहुणी पाही बांधावरी.

रंगूनं ते वाचलं. हळू, तुटक, पण शेवटपर्यंत, स्वतःच्या डोळ्यांनी. मी आनंदानं विचारलं, "संकोच म्हणजे काय, सांगेल कुणी?"

तुऱ्याकडचा एक हात झटकन वर आला. "बाई, तुमी आला की शाहीरदादाच्या हातातनं कोळसा पडतो. त्यो संकोच."

वर्ग खिदळला. भिंतीच्या टोकाशी अजून रेंगाळलेला जोतीराम पटका सावरत जो निघाला, तो थेट उसात दिसेनासा झाला. मला वर्ग गप्प करायचा होता. पण तोंड उघडलं असतं तर मीच हसले असते.

मार्गशीर्ष आला. गुऱ्हाळं लागली, हवेत काकवीचा वास भरला. डिप्टीसाहेब सायकलवरून आले; बारीक, करडे, नाकावर चष्मा. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि मिटून ठेवलं.

"या भागातली मुलं पुस्तक खाऊन बसलेली असतात," ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी आदल्या दिवशीचं साताऱ्याचं वर्तमानपत्र काढलं. "हे वाचतील. बाई, तुम्ही बाहेर थांबा. शिक्षकांचे ओठ हलतात, आणि मुलं ते वाचतात."

मी ओसरीत आले. जोतीराम खांबाला टेकून उभा होता. गुऱ्हाळावरून तसाच आलेला, हाताला गुळाची चिकटाई. आम्ही दोघं भिंतीला कान लावल्यासारखे उभे. आत रंगूचं नाव पुकारलं गेलं. मग काहीच ऐकू येईना.

किती वेळ... मला कोल्हापूरचे वकील दिसू लागले.

"पूर्व... भागात..." रंगूचा आवाज आला, "या सा... साली..." आणि थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा अडखळला.

आतून विष्णुपंतांचा सुस्कारा ऐकू आला. जोतीरामानं घाबरून माझ्याकडे पाहिलं. "अडती की हो..."

"अडू दे," मी पुटपुटले. माझे डोळे भरून आले होते. "अडते आहे, म्हणजे वाचते आहे."

"दुर्भिक्ष... पडले असून..." 

"थांब," साहेब म्हणाले. "दुर्भिक्ष म्हणजे काय?"

हा शब्द भिंतीवर कधीच आला नव्हता. मी दिलेला नव्हता.

"सायेब, म्होरं वाचू का वाईच?" रंगूनं विचारलं.

"वाच."

"विहिरी आटल्या... व... जनावरांना चारा उरला नाही." ती थांबली. "म्हंजे दुकाळ, सायेब."

"कुणी सांगितला हा अर्थ तुला?"

"कागदानंच सांगितला की."

आत खुर्ची सरकली. मग साहेबांनी दुसऱ्या मुलाला उभं केलं, मग तिसऱ्याला... सगळे अडले, सगळे पुढं गेले. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"वर्ग कायम करा, अशी शिफारस मी करतो आहे," ते विष्णुपंतांना म्हणाले. "आणि बाई हलवू नका."

विष्णुपंत म्हणाले, "मी पहिल्यापासूनच सांगत होतो." आणि साहेबांना घेऊन रस प्यायला गुऱ्हाळाकडे निघाले. त्यांच्यापुढं सगळा वर्ग धावत सुटला, दिसेल त्या पाटीवरचं, दारावरचं, मैलाच्या दगडावरचं मोठ्यानं वाचत.

ओसरीत आम्ही दोघंच उरलो.

"आता बंदी उठली न्हवं?" जोतीराम म्हणाला. "म्या श्रावणापासनं एक कवन गिळून बसलोय." त्यानं आवाज लावला.

"चालीत नको."

"मग?"

"चालीत तुम्ही काहीही घडाघडा म्हणाल. साधं सांगा."

ब्रह्मदेशात गोळ्यांखालून चाललेला तो माणूस खांबाला धरून उभा राहिला. "बाई, म्हंजे... तुमी हितं ऱ्हाताय हे... न्हाई, तसं न्हाई. आमच्या आईला म्या सांगितलंय की... सांगितलं न्हाई अजून, पर..." त्यानं कपाळावरचा घाम पुसला; कपाळाला गूळ लागला. "तुमी नसला तर माझी ओळ पुरी हुत न्हाई. मला तुमच्याशी... लगीन..."

तो थांबला. एवढं सुंदर अडखळणं मी त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकत होते.

"मी..." मी म्हणाले. मोटारीत झटकन उत्तर देणारी मी. शब्द जिभेवर होता आणि निघेना. "म्हणजे, आबांनी... मला..."

त्यानं मधे तोंड घातलं नाही. शब्द सुचवला नाही. नुसता बघत, वाट पाहत उभा राहिला.

"आबांनी सांगितलंय, वर्ग टिकला तर तुझं तू ठरव," मी म्हणाले, आणि पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा गूळ पुसला. "तर ऐका, शाहीर... माझं मी ठरवलंय."