ढबपत्रक

विद्याधर केळसकर मेंदूची शस्त्रक्रिया होऊन इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं. मात्र चहाचा घोट घेताना ते जशी मान हलवत, अगदी तशीच समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तरही हलवत. तेही त्याच इस्पितळातून आलेले. विद्याधरांच्या पत्नी हेमांगीबाई तडक इस्पितळात गेल्या.

"आठवणी काकांच्याच आहेत, काकू," मेंदूतज्ज्ञ इरावती समजावत होती. "वेबपान बनवणारे मजकूर एका फाइलीत ठेवतात. हा मथळा, हा परिच्छेद, एवढंच तिथे असतं. रंगरूप दुसऱ्या फाइलीत, म्हणजे स्टाइलशीटमध्ये. मेंदूतही तसं वेगळं काढता येतं. काकांचा मजकूर शाबूत राहिला, ढब गेली. मग आमच्याकडची तयार ढब जोडली. तिला आम्ही ढबपत्रक म्हणतो."

"हे हसायच्या आधी नाक चोळायचे गं. तेवढं तरी घाल. परक्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतंय मला."

इरावतीला दया आली, आणि दयेच्या भरात घोळ झाला. ती सगळ्यांनाच लागू होईल हे विसरून तिने मूळ पत्रकातच ओळ घातली. शहरातले सगळे रुग्ण त्या एकाच पत्रकाला जोडलेले होते.

संध्याकाळी विद्याधर नाक चोळून हसले. हेमांगीबाई आनंदाने रडल्या. डोळे पुसत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, तर पोस्टमास्तर नाक चोळत होते. मासळी बाजारात दोन अनोळखी म्हातारे तसेच हसले.

इरावतीने फोनवर चूक कबूल केली. "ओळ काढते. पण मग काकांचंही जाईल. स्वतंत्र पत्रक जोडायचं तर पुन्हा डोकं उघडावं लागेल, आणि ते त्यांना झेपणार नाही."

"राहू दे," हेमांगीबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, तरी त्या तेच म्हणाल्या.

अशी गोष्ट लपून थोडीच राहते? हळूहळू इतर रुग्णांच्या बायकाही आपापल्या नवऱ्याची लकब मागायला इरावतीच्या दाराशी येऊ लागल्या. एकीचं ऐकल्यावर दुसरीला नाही म्हणायला तिची जीभ रेटेना.

एका दुपारी हेमांगीबाई मेथी निवडत होत्या. विद्याधर मागून आले. त्यांनी बायकोची बट हलकेच कानामागे सारली आणि हात तिथेच राहू दिला. उभ्या संसारात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. शहरातली कुणीतरी बाई या स्पर्शासाठी झुरली होती आणि तिने तो पत्रकात घालून घेतला होता. हेमांगीबाई भीतीने गारठल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि गाल त्या हातावर टेकवला.