धारवाल्याची चाळणी

मंडळाच्या तिळगूळ समारंभात, भर सभागृहात, माझ्या वेबसाइटची पार अब्रू गेली आणि ती घालवणारा माणूस तिसऱ्या रांगेत बसून चक्क तिळाची वडी खात होता!

देवासच्या आमच्या मराठी मंडळाची ती वेबसाइट मी एकटीने बनवलेली. तिच्यावर शुभेच्छांची भिंत — घरबसल्या कुणीही लिहावं, ते इथल्या पडद्यावर झळकावं. हाटपिपल्याच्या कमलआजींचं गुडघ्यांमुळे येणं सुटलेलं. त्या या भिंतीवरूनच सगळ्यांना भेटायच्या. आणि त्या दिवशी एकाएकी पडदा गुलाबी झाला, अक्षरं गरगर फिरायला लागली, मधोमध चौकट उघडली — 'दार उघडं आहे हो, कुणीही आत येईल!'

"कुणाचा उद्योग आहे हा?" मी ओरडले.

"माझा..." तो उभा राहिला. हातात अर्धी वडी. "मी कुशल. धारहून आलोय, रुक्मिणीमावशीकडे. शुभेच्छांच्या जागी थोडा कोड लिहून पाहिला, तर तुमची साइट तो जसाच्या तसा चालवते. पण तो खरंच चालेल असं वाटलं नव्हतं... कसम से!"

"भिया, लोकांच्या घरात असेच घुसता का तुम्ही?"

"मी नुसतं दार वाजवलं. दुसरा कुणी असता ना, तर सगळ्यांचे पासवर्ड घेऊन गेला असता."

ते ऐकून अध्यक्ष जगदेवराव ताडकन उठले. "वेदिका, रथसप्तमीच्या हळदीकुंकवापर्यंत हे नीट कर. नाहीतर भिंत बंद. कायमची."

कमलआजींना काय सांगू? माझे डोळेच भरून आले. त्याने ते पाहिलं असावं.

"मी येतो मदतीला," तो हळूच म्हणाला. "दर रविवारी."

आणि आला की खरंच! इंदूरला बस बदलून, थंडीने नाक लाल करून. मंडळाच्या कचेरीत एकाच टेबलाशी आम्ही दोघं, मध्ये शेव घातलेल्या पोह्यांच्या बशा. मी आधी काय काय अडवायचं ते ठरवून ठेवलं होतं — हा कोड नको, तो नको. त्याने मान हलवली.

"चोर कुठल्या कुठल्या वेषात येईल, तुम्ही कुठवर ओळखणार? आपण फक्त पाहुणे ठरवू. ठळक अक्षर, नवी ओळ, रंग — या, बसा. बाकी सगळं आपल्या कोडच्या चाळणीत अडेल."

"रंग कशाला?"

"आजी लाल रंगात लिहितात ना? राहू द्या त्यांचं लाल."

हाय... तिथेच मी निम्मी गेले! तो प्रत्येक जुना निरोप उघडायचा, आधी नीट वाचायचा, मग चाळणीतून काढायचा. इतक्या मायेने कुणी कोड लिहितं, हे मी पहिल्यांदा बघत होते. आणि मध्येच माझ्याकडे पाहून म्हणायचा, "हे सगळं एकटीने उभं केलंत? मानलं बुवा!"

"मस्का मारू नका," मी म्हणायचे, आणि पुढच्या रविवारची वाट बघायचे.

रथसप्तमी आली. सभागृह गच्च. आधी कुशलने तोच गुलाबी खोडसाळपणा पुन्हा करून पाहिला. पडदा जागचा हलला नाही. मग कमलआजींची लालभडक अक्षरं उमटली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. जगदेवराव म्हणाले, "भिंत राहील." मला तर नाचावंसं वाटलं!

तेवढ्यात पडद्यावर कुशलच्या नावाने आलं — 'वेदिका, मला तुम्ही'

बस. पुढे काहीच नाही.

"अरे कुशल, मला तुम्ही काय?" रुक्मिणीमावशी ओरडल्या. "पुढचं लिही की!"

त्याचे कान लालबुंद. धडपडत माझ्यापाशी आला. "पुढे मी बदाम काढला होता... 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि तीनचा आकडा. जुन्या फोनवर काढायचो, तसा."

मी कपाळावर हात मारला. ते चिन्ह दिसलं की आमच्या चाळणीला वाटतं, कोड सुरू झाला. तिथून पुढचं सगळं ती फेकून देते. चाळणीतली ती ओळ यानेच लिहिली होती!

"पुन्हा बिघडलं का काही?" जगदेवराव उठायला लागले.

"नाही हो काका, भिंत ठणठणीत आहे. बिघडलाय तो हा!" मग मी त्याच्याकडे वळले. "काय लिहिलं होतंस? सांग आता. तोंडाने."

मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आले, ते त्याच्या बरोबर लक्षात आलं. त्याने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा अख्ख्या सभागृहाकडे... आणि मग फक्त माझ्याकडे.

"मला तू आवडतेस, वेदिका. खूप आवडतेस."

"मलाही तू," मी म्हणाले. "आणि हे आता पडद्यावर टाकू नकोस... सगळ्यांनी ऐकलंय."