आग्रहाचा घास

दुपारचे साडेबारा झाले तशी भिंतीवरची भरवणी जागी झाली. तिचा बारीक हात चमचा घेऊन खाली आला, मऊ भाताचा घास दादांच्या ओठांशी धरला आणि यंत्र म्हणालं, "एवढा घ्याच हो, आग्रह आहे माझा!"

आवाज दादांचाच होता. बारा वर्षांपूर्वीचा, ठणठणीत, हसरा.

"नको," पलंगावरचे दादा पुटपुटले.

"नको कसं? पोटात जागा करा की जरा!"

दादांनी मान फिरवली. चमचाही तिकडे वळला. गळ्याभोवतीची पट्टी थरथरली, विजेच्या हलक्या इशाऱ्यानं स्नायू आवळले आणि घास आत गेला. अर्धांगवायूनं गिळणं विसरलेल्या माणसांसाठी ती पट्टी होती. दादांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"वैजूताई, चार दिवस हेच चाललंय," त्यांची शुश्रूषा करणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या. "यांना खरंच नकोय हो. मी बंद करायला गेले, तर मलाच विचारतं, संकोच करता का म्हणून!"

वैजयंती दादांची लेक. भरवणी तिचीच निर्मिती. यंत्राला प्रेमानं खाऊ घालायला शिकवायचं होतं, आणि त्यात पंचक्रोशीत दादांचा हात धरणारा कोण होता? चाळीस वर्षं लग्नाच्या पंगती वाढलेला माणूस! पानावर कुणी आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचा. तिनं त्यांच्या तीनशे पंगतींचं चित्रण यंत्राला दाखवलं. प्रत्येक पाहुणा आधी नको म्हणतो, तिसऱ्यांदा विचारलं की खातो, हे यंत्रानं बरोबर टिपलं. नकार ही होकाराची पहिली पायरी, असा त्यानं अर्थ लावला. आपण तरी लेकरांना दुसरं काय शिकवतो? यंत्राला कशाला बोल लावायचा!

तिनं कपिलला फोन लावला. एकेकाळचा तिचा विद्यार्थी, आता भरवणी बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख.

"नकार ओळखायची सोय ठेवली होती मी. कुठं गेली?"

"काढली, मॅडम. रुग्ण उपाशी राहायचे ना! आणि एक आनंदाची बातमी. आपला आग्रह आता फोनवरही चालतो. तालुक्याचा भाजीबाजार गावाबाहेर न्यायचाय. पहिल्या दिवशी झाडून सगळे विक्रेते नाही म्हणाले. रोज सहा फोन केले, अगदी गोड आवाजात. आठव्या दिवशी नव्वद टक्के हो म्हणाले! कसं अलगद गळी उतरवलं बघा."

"ते पटून हो म्हणाले, की दमून?"

"नोंदीत दोन्ही सारखंच दिसतं, मॅडम."

तिनं फोन ठेवला, पट्टीचा बंद सोडला आणि भरवणीची वायर भिंतीतून उपसून काढली. चमचा अधांतरी थांबला. दादांनी मोठा श्वास घेतला.

"दादा, चुकलं माझं."

"शिकवलं... मीच की." त्यांना एकेक शब्द जड जात होता. "पण मी डोळ्यांत बघायचो गं. पोट भरलेलं डोळ्यांत कळतं. मग हात... आखडायचो."

वैजयंती चडफडली. तीनशे पंगती दाखवल्या, पण कॅमेरा सगळा वेळ पानांवर रोखलेला होता! पाहुण्याचा चेहरा कुणी टिपलाच नव्हता.

दिवस कलला. दादांच्या पोटात मग काहीच गेलं नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, "अन्न बंद झालं तर आठवडा काढतील." आठवडा! शेवंताबाईंनी पेजेची वाटी आणून ठेवली आणि त्या बाहेर गेल्या. वैजयंतीनं वाटी हातात घेतली.

"दादा, थोडीशी पेज? माझ्यासाठी."

"नको."

तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. वाचायचा खूप प्रयत्न केला, पण तिचेच डोळे भरून आले होते. काही केल्या तिला धड दिसेना.

"दादा, मला तुम्ही हवे आहात हो," ती म्हणाली आणि चमचा पुढं केला.

दादा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हळूच तोंड उघडलं. पट्टी नव्हती, वीज नव्हती. मोठ्या कष्टानं त्यांनी पेज गिळली.

वैजयंतीचा हात दुसऱ्या चमच्यासाठी वाटीकडं गेला आणि तिथंच थबकला. दादांना खरंच खावंसं वाटलं होतं, की आपली लेकही ऐकणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं?