निपाणीची लाईट

खटक-खट, खटक-खट… आणि त्या खटखटीच्या आडून, जात्याच्या पाळीतून पीठ झरावं तसा हलके झरत येणारा एक आवाज— "निपाणी, वडगाव बोलतंय. ऐकू येतंय न्हवं? ओव्हर."

सोळाव्या वर्षी हा आवाज त्रिशलाच्या कानात शिरला तो तिथंच बिऱ्हाड करून राहिला. खटखट मागांची. बेळगावच्या वडगावात घराघरात माग, त्यामुळं तिथला साईराज बोलायला लागला की आधी माग बोलायचे आणि मग तो. तोंड कधी पाहिलं नाही. नाक कसं, डोळे कसे, काही ठाऊक नाही. पण "ऐकू येतंय न्हवं?" म्हणताना तो शेवटाला किंचित हसतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचे वडील कुंथुनाथ आप्पा दिवसभर निपाणीच्या पेठेत बी-बियाणं विकायचे आणि दिवेलागण झाली की वायरलेस सेटपुढं बसायचे. हौस, दुसरं काय. सरकारी परीक्षा देऊन स्वतः लायसन काढलं, मग लेकीलाही परीक्षेला बसवलं. गच्चीवर अँटेनाचा लोखंडी मास्ट उभा केला. शेजारी विचारायचे, "टावरवाले भाडं किती देतात हो?" आप्पा म्हणायचे, "भाडं न्हाय. माणसं देतोय."

आणि खरंच, रोज संध्याकाळी तारेवाचून, खांबावाचून माणसं घरात यायची. त्या बैठकीला 'नेट' म्हणायचे. मच्छे गावचे मारुतीराव ती चालवायचे, अगदी शाळामास्तरासारखी हजेरी घेत. एकानं बटन दाबून बोलायचं, 'ओव्हर' म्हणून सोडायचं, मग दुसऱ्यानं 'रॉजर', म्हणजे 'ऐकलं', म्हणून पुढं बोलायचं. बटन दाबून धरलं तर आपलंच पुराण चालू राहतं, समोरच्याचा शब्द ऐकू येत नाही. आणि सगळ्यात मोठी रीत अशी की एखाद्यानं कुणाला प्रश्न विचारला तर उत्तर येईपर्यंत मधे कुणी तोंड घालायचं नाही. वाट मोकळी ठेवायची. मग कितीही वेळ लागो.

अशाच एका संध्याकाळी, अँटेनाची तार किती लांब असावी यावर रटाळ चर्चा चालली असताना वडगाव मधेच म्हणालं, "निपाणी… आपण एकदा भेटायचं का? ओव्हर."

बटन सुटलं. वाट मोकळी झाली. मच्छ्यापासून खानापुरापर्यंत सगळे काका-आप्पा कान टवकारून गप्प. इकडं शेजारी आप्पांना खोकला, दारात आई. त्रिशलाचं काळीज मागाच्या धोट्यासारखं इकडून तिकडं, तिकडून इकडं… आणि तिनं कट्टकन सेटचं बटनच बंद केलं.

"लाईट गेली," ती म्हणाली.

आप्पांनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. त्यांनी पंख्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी नेटवर सांगितलं, "काल आमच्याकडं लाईट गेलती."

मग बारावी आली, कॉलेज आलं, सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले. त्रिशला परत सेटपुढं बसलीच नाही.

*

दहा-अकरा वर्षं गेली. आता त्रिशला कोल्हापूरच्या एका दवाखान्यात कान तपासायची. पेशंटच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा, बारीक शिट्टी वाजवायची आणि विचारायचं, "ऐकू येतंय का?" दिवसभर हाच प्रश्न. कधी कधी विचारता विचारता तिलाच हसू फुटायचं.

नोव्हेंबरातला दिवस. निपाणीला परतायची बस कोगनोळीच्या नाक्यावर थांबली ती थांबलीच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर काहीतरी बिनसलं की पहिल्यांदा बस थांबतात, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. कंडक्टर म्हणाला, "उतरा. म्होरं चालत जावा. पलीकडं दुसरी गाडी यील." कधी येईल ते तो सांगेना.

नाक्यावर ही गर्दी. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, पोलिसांचे बांबू. जो तो मोबाइल कानाला लावून ओरडत होता, आणि त्या एका टॉवरचा जीव गुदमरला होता. कुणाचाच फोन लागेना. त्रिशलाचा दिवसच वाईट होता. रविवारी सांगलीचे पाहुणे तिला बघायला येणार होते, आणि 'पाहुण्यांना गच्चीवर सांगाडा दिसायला नको' म्हणून आई, म्हणजे प्रेमलाबाई, त्याच दिवशी माणूस बोलावून मास्ट उतरवायला आणि सेट विकायला निघाली होती. आप्पा नुसते जाऊन सेटवरची धूळ पुसून आले होते. धूळ पुसून माणसं विकतात काय!

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"हॅलो, आई? मी कोगनोळीला अडकलोय. जेवून घे. ऐकू येतंय न्हवं?… ओव्हर."

त्रिशलाच्या तोंडातून शब्द कधी निसटला ते तिलाही कळलं नाही.

"रॉजर."

तो वळला. खांद्यावर पिशवी, पिशवीतून मागाचे लाकडी सुटे भाग डोकावत होते. नाक— बरं होतं. डोळे— त्यांच्याकडं बघायचं धाडस तिनं पुढं ढकललं.

"काय म्हणालात?" त्यानं विचारलं.

"मी? न्हाय. काय न्हाय. तुम्ही फोनवर 'ओव्हर' म्हणता होय?"

"सवय हो. दिवसातनं दहादा लोक हसतात. बँकेच्या बाईला म्हणालो, ती म्हणाली, 'सर, कॉल ओव्हर झाला काय?'" तो शेवटाला किंचित हसला. तेच हसू. कानानं आधी ओळखलं, डोळ्यांनी मागनं. "आणि लागतोय कुठं फोन! आईला काही ऐकू गेलं न्हाय. थांबा, जुन्या बायकोलाच हाक मारतो."

त्रिशला एक पाऊल मागं सरकली. पण त्यानं पिशवीतून काढली ती काळी, शेंडीवाली वॉकीटॉकी.

शेंडी बाहेर आली मात्र, बांबू टेकवून एक हवालदार धावत आले. "इदेन्री? काय हाय हे? बाँब?"

"साहेब, हौशी रेडिओ आहे. लायसन—"

"बंदोबस्तात कसला रेडिओ?"

साईराजनं लायसन काढायला खिसे चाचपले. खिशातून निघाले सुताचे गुंडाळे. मग त्रिशलाच पुढं झाली आणि फाडफाड कानडीत सुरू झाली. परीक्षा देऊन मिळतं हे साहेब, पुरात-वादळात तुमचेच लोक ह्यांना बोलावतात… आणि शेवटी, "नम्मवर अदार्री." आमचेच आहेत हो.

हवालदारांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. तेवढ्यात लायसनही सापडलं. "तुमचेच हाईत तर आवरा त्यास्नी," म्हणून ते निघून गेले.

"काय सांगितलंत?" साईराजनं साळसूदपणे विचारलं.

"सांगितलं, माणूस बिनडोक हाय पण निरुपद्रवी."

"असं? 'नम्मवर'चा अर्थ तोच असतो होय? मी बेळगावात जन्मलो, पण शिकायचं राहिलंच म्हणायचं."

त्रिशलाचे कान लाल झाले. दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या बाईचे कान असे लाल होऊ नयेत.

*

साईराजनं बटन दाबलं. डोंगरावरच्या रिपीटरनं हाक पुढं ढकलली आणि मच्छ्याहून खणखणीत जबाब आला. "बोल वडगाव! मारुतीराव हजर. अजून जित्ता हाय. ओव्हर."

त्रिशलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेच मारुतीराव. तीच हजेरी.

मग काय विचारता! मोबाइल मेलेले आणि हा एक आवाज जिवंत. गर्दी साईराजभोवती गोळा झाली. तो नंबर आणि निरोप सांगायचा, मारुतीराव आपल्या फोनवरून घरोघर कळवायचे. अंबुबाई नावाची म्हातारी पुढं घुसली. "माझ्या सुनंला सांग रं, म्हस पिळायला मी येस्तवर थांबू नगं. आणि म्हस मला लाथ मारत न्हाय, तुलाच मारती, असं बी सांग."

"आज्जी, शेवटचं वाक्य पण?"

"त्येच पयलं सांग."

गर्दी हसली. निरोप गेला. कुणाचं औषध, कुणाची खोळंबलेली पंगत, सगळं वाऱ्यावर स्वार होऊन निघालं. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकायला आला, तसं साईराजनं वळून म्हटलं, "तुम्ही खाऊन घ्या आधी. दिवस बुडायला आला." आणि दोन केळी तिच्या हातात ठेवली.

त्रिशला चमकली. आपण जैन, सूर्यास्ताआधी जेवतो, हे ह्याला कुणी सांगितलं?

"तुमचा निरोप? घरी काळजीत असतील."

निरोप द्यायचा तर नाव सांगावं लागणार. नाव सांगितलं की… "नको. पोचेन मी."

"बरं." तो केळीच्या सालीकडं बघत म्हणाला, "बाकी निपाणीला निरोप पोचेल का, मला शंकाच हाय. तिथं लाईट नसते."

"असं कोण म्हणतं?"

"मीच एकदा एक प्रश्न विचारला होता निपाणीला. तेवढ्यात लाईट गेली म्हणे. इतकी वर्षं झाली, अजून आली न्हाय बघा. वीजमंडळाला पत्र घालावं म्हणतोय."

त्रिशलानं हातातलं केळं डब्यावर ठेवलं. "मग… परत का न्हाय विचारला? फोन नंबर काढायचा, मेसेज करायचा. आजकाल काय, निळी खूण आली की कळतं वाचलं म्हणून."

"वाचलं ते कळतं हो. पण विचारणाऱ्यानं बटन सोडायचं असतं. सारखं दाबून धरलं तर समोरचीचा आवाज येणार कसा?"

ती काही बोलणार, एवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. आणि त्या खरखरीतून एक जुना, घसा खाकरणारा आवाज आला.

"मच्छे, मच्छे… निपाणी बोलतंय. कुंथुनाथ. माझी पोरगी कोगनोळीला अडकलीया, फोन लागंना. पिवळा ड्रेस, हातात स्टीलचा डबा, बोलायला तिखट. कुणाला दिसली तर कळवा. ओव्हर."

सगळ्या गर्दीनं पिवळ्या ड्रेसकडं पाहिलं. मग डब्याकडं. तिखटाची खात्री अंबुबाईंनी केली. "व्हय, हीच!"

मारुतीराव काही म्हणणार तोच पुन्हा निपाणी आली, पण आता आवाज प्रेमलाबाईंचा होता, आणि बटन त्यांनी असं दाबलं होतं जसं बोहारणीनं नवं पातेलं धरावं. "अहो ऐका! तिला म्हणावं दिवस बुडायच्या आत खाऊन घे, न्हायतर उपाशी झोपंल. आणि उन्हात उभी राहू नको म्हणावं, रविवारी सांगलीचं स्थळ येणार आहे, काळी पडलीस तर मला बोलतील… आणि बाई, हे यंत्र बरं चालतं की हो! ह्यांनी कधी सांगितलंच न्हाय मला. अहो, मास्ट नका उतरवू म्हणावं त्या माणसाला… सोडायचं कुठं हे? हे सोडायचं? मग सांगा की आधी!"

कट्.

बेळगावपासून निपाणीपर्यंत सगळ्या आसमंताला सांगलीचं स्थळ कळलं होतं.

साईराजचं हसू मावळलं. आता त्यानं बघितलं ते सरळ तिच्या डोळ्यांत, आणि तिनंही मघापासून पुढं ढकललेलं धाडस आता केलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"रॉजर म्हणालात तेव्हाच."

"मग बोलला का न्हाईत?"

"प्रश्न माझा विचारून झालाय," तो हळू म्हणाला. "आता पाळी माझी न्हाय."

पलीकडं निपाणीची बस येऊन लागली. कंडक्टर हाका घालू लागला. लोक पिशव्या उचलून पळाले. अंबुबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या आणि जात्यावर बसल्यासारखा सूर लावला—

"तार न्हाय, खांब न्हाय, बोल आला वाऱ्यावरी
कोगनोळीच्या नाक्यावर पोर झाली गं बावरी…"

"आज्जी, गाडी जाईल!" त्रिशला म्हणाली.

"जाऊ दे की. गाड्या काय, रोज येत्यात."

वॉकीटॉकीतून मारुतीरावांचा आवाज आला. या वेळी मास्तरकी नव्हती त्यात. "निपाणीकर पोरी, ऐकत असशील तर सांगतो. वडगावचा एक प्रश्न लई दिवसांचा पडून हाय. रीत म्हंजे रीत. आम्ही वाट मोकळी ठिवलीया. कुणी मधे बोलणार न्हाय. ओव्हर."

आणि खरंच कुणी बोललं नाही. मच्छ्यात शांत. निपाणीत आप्पांचा खोकलासुद्धा शांत. साईराजनं वॉकीटॉकी तिच्यापुढं धरली. "हे बटन दाबायचं, मग—"

"येतंय मला," ती म्हणाली आणि तिनं ती हिसकावून घेतली.

तिनं डोळे मिटले. वर गरगर फिरणारा तो पंखा दिसला. मग डोळे उघडले, हातभर अंतरावर उभ्या त्या माणसाकडं पाहिलं आणि बटन दाबलं.

"वडगाव, निपाणी बोलतेय. त्या दिवशी… लाईट गेली नव्हती. पंखा चालू होता, आप्पांनी बघितलाय. मीच भ्याले आणि बटन बंद केलं. आई, सांगलीकरांना येऊ नका म्हणून कळव. आणि वडगाव— तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही हेच होतं. व्हय. भेटायचं. रोज भेटायचं… ओव्हर."