मेंढरांनी सरकवलेली इमारत

सोलापुरातल्या त्या विद्यापीठाच्या मुख्य प्रशासकीय इमारतीची तिसरी पायरी तिरकी आहे. तिच्यावरच प्रियदर्शनीचा पाय मुरगळला, आणि दारावरच्या सुरक्षारक्षकानं, बिरुदेवानं, तिचा हात पकडला. पकडला तो चटकन, सोडला मात्र सावकाश!

वर्धापनदिनाच्या पुस्तिकेसाठी ती या इमारतीचा इतिहास लिहायला आली होती.

"ही पायरी कुणी बसवली हो?" ती कळवळून म्हणाली.

"आमच्या मेंढरांनी. पाया खणायच्या आदल्या राती आज्याचा कळप हितं बसला, तो उठंचना. शेवटी साहेबांनी इमारतच सरकवली की! पायरी तेवढी तिरकी ऱ्हायली."

"काहीही!"

"मग उद्या या, मॅडम. उद्या खरं सांगतो."

दुसऱ्या दिवशी कळलं, की गच्चीचं सिमेंट मेंढीच्या दुधात कालवलंय. तिसऱ्या दिवशी तर कळपातला एक एडका थेट मोठ्या साहेबांच्या खुर्चीत बसून गेलेला!

"सही केली का त्यानं?"

"केली की! खूर उमटवून."

ती हसायची... आणि तो तिच्या हसण्याकडं बघत पुढचं विसरायचा. आठवड्यात संपणारा इतिहास तिनं चैत्रापर्यंत लांबवला. कडुलिंबाखाली तिच्या डब्यातली शेंगाचटणी दोघांत संपू लागली.

एका दुपारी तो दार सोडून कडुलिंबाखाली आलाच नाही. तीच पायऱ्या चढून दारापाशी गेली.

"आज एडका रजेवर?"

"आज खरं हाय, मॅडम... लगीन ठरलंय. मामाच्या पोरीसंगं. बा गेल्यावर मामानंच आमाला वाढवलं, मेंढरं राखली. त्याला न्हाय कुटल्या तोंडानं म्हणू? नोकरी सोडून सांगोल्याकडं चाललोय."

माळावरून गरम वारा आला, तिच्या हातातले कागद फडफडले.

"आणि... मी?"

तो कडुलिंबाकडं बघत राहिला. "तुमचं काय... तुमी यायच्या, मी बोलायचो. माज्या मनात... तसलं काय बी न्हवतं."

एडक्याला खुर्चीत बसवताना न अडखळलेली जीभ एवढ्याशा खोट्याला अडखळली. तिला कळलं. तिला कळल्याचं त्यालाही कळलं.

"बरं," ती म्हणाली, "पायरीची गोष्ट मी छापणार आहे. मेंढरांसकट."

"खोटी हाय ओ ती!"

"असू दे की."

उतरताना तिसऱ्या पायरीवर तिनं मुद्दाम पाय वाकडा टाकला. त्याचा हात झटकन पुढं आला... आणि अर्ध्यावरच थांबला.

ती आपली आपणच सावरली.